झोरकचं बालपण

"झोरकला पोटं तीन, हृदयं दोन. मग आज्या किती?" एका मुलाने विचारलं आणि सांगलीच्या त्या वाचनालयात हशा पिकला. लेखक सुमंत मात्र गंभीरपणे म्हणाला, "पाच. पण चौथीबद्दल मतभेद आहेत."

झोरक हा परग्रहावरचा माणूसखाऊ राक्षस. पहिल्या पुस्तकात तो अंधारातून यायचा, खायचा आणि जायचा. कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर पोरांची पाचावर धारण बसायची. मग पोरांची पत्रं आली, प्रकाशक मागे लागले आणि सुमंतलाही चेव चढला. आता, १९९६ साली, सहाव्या पुस्तकाच्या शेवटी चौदा पानांची वंशावळ होती. भीती कधीच पळून गेली होती.

या सहाव्या भागात झोरक दुष्ट का झाला, त्याचा खुलासा होता. लहानपणी त्याला कुणीतरी जमिनीखालच्या खड्ड्यात उतरवलं, वर झाकण ओढलं आणि तो रात्रभर आत एकटा राहिला.

सहीसाठी रांग लागली. दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. "संयोगिता असं लिहा, सर. आणि एक विचारू? वंशावळीत सगळ्यांची नावं आहेत. त्याला ज्याने कोंडलं, त्याचंच नाव नाही. कोण होता तो?"

सुमंतने वर पाहिलं. तिच्या मागे तिचे वडील उभे होते. ताठ मान, फौजी कापाचे केस. फौजेतून निवृत्त होऊन आलेला त्याचा बालमित्र अर्जुना. सुमंतच्या हातातलं पेन थांबलं.

तेव्हा दोघे नऊ वर्षांचे होते, हरिपुरात. खेळता खेळता अर्जुना हळदीच्या रिकाम्या पेवात उतरला आणि सुमंतने जमिनीतल्या त्या कोठाराच्या तोंडावर पत्रा ओढून दगड ठेवला. हमालांनी त्याला सकाळी बाहेर काढलं. आपण विसरूनच गेलो, असं सुमंतने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर संध्याकाळी तो पेवापाशी गेला होता. पण आता उघडलं तर मार बसेल, म्हणून तसाच मागे फिरला. हे त्याने पुढे बायकोलाही कधी सांगितलं नाही. आणि आता तीच रात्र राक्षसाच्या नावावर खपवून तो सह्या देत बसला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याची... त्याची नोंद सापडत नाही," तो मुलीला म्हणाला.

"आसं कसं? आज्या पाच सापडल्या की!"

रांगेतली पोरं हसली. अर्जुनाने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "आगं, बारकं पोर आसंल येखादं. खेळण्याच्या नादात इसारलं आसंल. सरांना सही करू दे, चल."

वाट मोकळी करून दिली होती त्याने. नुसती सही करायची होती. सुमंतने पेन खाली ठेवलं.

"अर्जुना, मी विसरलो नव्हतो रे."

"म्हाईत हाय," अर्जुना म्हणाला. "सांजच्याला परत आला हुतास तू. तुझ्या चपलांचा आवाज वळाकला मी. वाटलं, आता उघडशील. म्हणून तर रडायचा थांबलो हुतो."