डावीकडची वाटी

सरांनी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि त्यावर तीन वाट्या पालथ्या घातल्या. एकीखाली खडीसाखरेचा खडा होता.

लग्नापासूनचा खेळ. कुमुदने एक वाटी धरायची; सरांनी उरलेल्या दोनांतली रिकामी उचलून विचारायचं, “बदलतेस?” बदललं तर तीनपैकी दोनदा खडा मिळतो, हे त्यांनी कॉलेजातल्या पोरांच्या गळी उतरवलं होतं, बायकोच्या मात्र नाही. “एकदा धरलं की सोडायचं नाही,” म्हणत ती डावीकडचीच वाटी धरून बसे आणि बहुतेकदा हरे. सर कपाळावर हात मारून घेत.

“आता त्यांना आवडेल ते द्या,” काल डॉक्टर म्हणाले होते. म्हणून आज सरांनी पहिल्यांदाच लबाडी केली. खडा मुद्दाम डावीकडे ठेवला.

तिने डावीकडे बोट दाखवलं. सरांनी मधली रिकामी वाटी उचलली. “बदलतेस?”

“बदलते,” ती म्हणाली. “जन्मभर डोकं फोडलंत. एकदा तुमचं ऐकते.”

तिसरी वाटी रिकामी निघाली.

“बघा! म्हणत नव्हते मी?” त्यांचा हात धरून ती केवढी हसली.

“चुकलंच माझं,” सर म्हणाले. तो हात त्यांनी अंधार पडेपर्यंत सोडवून घेतला नाही.