लाल पोटाची माशी

वर्तमानपत्रावर माशी नव्हती. चिमटा होता, दोऱ्याचे रीळ होते, लाल लोकरीचा गुंता होता, कापलेल्या पिसांचा कचरा होता. पण गाठीवर व्हार्निशचा थेंब ठेवून जी सुकायला ठेवली होती, ती माशी तेवढी नव्हती. म्हणजे तिच्या पोटातला गळही नव्हता. आणि टेबलाखाली मुलीचा रांगता भाऊ बसला होता. त्याच्या ओठाला लाल लोकरीचा धागा चिकटला होता.

मुलगी दहा वर्षांची होती. गळावर दोरा, पिसे आणि लोकर गुंडाळून नदीतल्या माशांना फसवणारी खोटी माशी कशी बांधायची, हे ती सुट्टीत आजोबांकडून शिकत होती. दोरा तुटेल असे वाटेपर्यंत ताणायचा आणि तुटू द्यायचा नाही, इथवर मजल गेली होती. तिची पहिली माशी बघून आजोबा म्हणाले होते की हिला बघून मासा फसणार नाही, पण हसून हसून बुडेल. दुसरी कापसाच्या बोळ्यासारखी झाली. आजोबा दर वेळी ब्लेडने सगळे सोडवायचे, गळ टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात पुन्हा आवळायचे आणि म्हणायचे, हं, परत. जिला बघून एखादा तरी फसेल अशी माशी जमली, की तिला नदीवर न्यायचे कबूल केले होते.

आईची अट वेगळी होती. घरात रांगते मूल आहे. एक गळ जरी जमिनीवर दिसला, तर हे दुकान बंद.

आजोबांचे नियम दोनच. खुर्चीवरून उठायचे तर गळ आधी डबीत. आणि गळ हरवलाच, तर आधी ओरडायचे, मग शोधायचे. दुसरा नियम ऐकून ती हसली होती. हरवल्यावर ओरडून काय होणार?

आज आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आजोबा आतल्या खोलीत लवंडले होते. दूध उतू जाताना ऐकू आले आणि ती उठून धावली. गॅस बंद करून परत आली, तर वाऱ्याने वर्तमानपत्राचा कोपरा उलटला होता आणि खिडकीचा पडदा टेबलावरून फिरून जागेवर परत जात होता.

ती ओरडली नाही. तिने चटई झटकली. खुर्चीखाली, टेबलाखाली, चपलांमध्ये हात फिरवला. भावाच्या दोन्ही मुठी उघडल्या. त्याच्या तोंडात बोट घातले, तर तो कडकडून चावला. तिला वाटले, आत्ता सापडेल. सापडला की कुणाला सांगायची गरजच नाही. नदी राहील, आजोबांचे टेबल राहील, सगळे राहील. भाऊ मान वर करून ऊं ऊं करत खिडकीकडे हात नाचवत होता. त्याचे काहीतरी दुखत असणार. तो बोलूही शकत नव्हता.

मग तो खोकला.

आता ती ओरडली, शेजारपाजारी ऐकू जाईल असे.

"आजोबा, गळ हरवला!"

पुढचे सगळे तुकड्यातुकड्यांनी तिच्या लक्षात राहिले. अनवाणी बाहेर आलेले आजोबा. जिन्यावरून धावत आलेली आई आणि तिच्या खांद्यावर राहिलेला ओला टॉवेल. रिक्षात आई बाळाला उभे धरून बसली होती आणि सारखी त्याचे तोंड उघडून बघत होती. आजोबा म्हणाले की चूक त्यांची, झोप त्यांना लागली. आईने मुलीकडे बघितले.

"हाक मारायला किती वेळ लावलास?"

मुलगी खाली मान घालून स्वतःच्या बोटांना चिकटलेली लोकर खरवडत राहिली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. घशात काही नाही, पोटात काही नाही. खोकला लोकरीच्या धाग्याचा. भिंतीला पाठ टेकून आई पहिल्यांदा रडली. मुलीलाही हायसे वाटले, पण ते दवाखान्याच्या दारापर्यंतच टिकले. गळ बाळाच्या पोटात नाही, म्हणजे तो घरातच कुठेतरी टोक वर करून पडला आहे.

घरी आल्यावर गळ मिळेपर्यंत बाळ खाली उतरणार नाही, असे आईने सांगून टाकले. शिकंजा, रीळ, पिसे सगळे पेटीत गेले. आजोबा गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फरशीवरून फिरवत होते. दोन टाचण्या मिळाल्या, एक खिळा मिळाला. बाळ आईच्या कडेवरून पुन्हा खिडकीकडे झेपावत होते.

"खिडकी उघडी टाकून गेलो ना, आता माशा आल्या घरात," आई वैतागून म्हणाली.

पडद्यावर एक बसली होती. आईने बाळाला मुलीकडे दिले, स्वयंपाकघरातले फडके आणले आणि हाणले. माशी उडाली नाही. कोडगी मेली, म्हणत आईने आणखी जोरात हाणले आणि हात मागे घेतला. फडके हाताबरोबर आले नाही. ते पडद्यालाच लोंबत राहिले.

आजोबा गुडघे धरून उठले. चष्मा चढवून पडद्यापाशी गेले आणि फडके हलक्या हाताने सोडवले. लाल लोकरीचे पोट. एक पंख जरासा वाकडा. गळाचे टोक कापडातून आरपार बाहेर.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता पोरीला नदीवर न्यावंच लागेल."