एक जूनची माणसं

गोठवून ठेवलेला भ्रूण अगदी ठणठणीत होता. आडवं आलं ते मोहिनीचं वय. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पोटात भ्रूण ठेवायला कायद्याची मनाई, आणि तिची पन्नाशी नुकतीच एक जूनला उलटलेली. आधी नवऱ्याचं, समाधानचं आजारपण, मग तिचा रक्तदाब, यातच वेळ गेला. आता तो शेवटचा भ्रूण नष्ट करायचा की संशोधनाला द्यायचा ते सांगा, असं जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी हळुवारपणे विचारलं. हळुवार विचारल्यानं घाव थोडाच कमी लागतो! मोहिनी परतताना एसटीत तोंडाला पदर लावून रडली.

मग तिला आठवलं. तिच्या पिढीतलं निम्मं सोनगीर गाव एक जूनलाच जन्मलेलं. वडील शालिग्राम आबा स्वतः मास्तर. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला, की अंदाजानं वय धरायचं आणि एक जून ठोकून द्यायचं. लेकीचंही त्यांनी तसंच उरकलं असणार. वर्गात सगळ्यात बारकी तीच तर होती. म्हणजे खरं वय अजून पन्नाशीच्या आतच असणार.

जन्मतारीख दुरुस्त करायची तर जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस कोर्टात उभं करा, मग बघू, असं वकील म्हणाले. गावात कुणाला विचारायची सोय नव्हती. तिचा जन्म आबांच्या बदलीच्या गावचा, दोंडाईच्याचा. आई बेबाबाई वारलेली. उरले आबा.

आबांनी सगळं ऐकलं आणि सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "एखादं पोर दत्तक लई ले, बेटा."

"दुसरानं रगत आपलं व्हस का, आबा?"

मोहिनीनं त्यांचे पाय धरले. मला दुसरं काही नको, एवढं एकदा माझ्यासाठी करा, म्हणून विनवलं. म्हातारा सुपारीच कातरत राहिला. शेवटी तिचा तोल गेला.

"खोटं लिखतांना हात थरथरना नही. आते खरं सांगाले काय व्हस?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी तुना जनम देखा नही," ते म्हणाले. "दोंडाईचाना टेसनवर सापडनी, तवय तू चालत व्हती."