वासाचं काम

कांचनने व्हिस्कीचा तिसरा ग्लास नाकाशी नेला, ओठ किंचित विलग केले आणि डोळे मिटले. डिस्टिलरी बघायला आलेली माणसं टेबलाभोवती जमून तिच्याकडे बघत होती.

हिच्यात राय नावाचं धान्य नाही, गहू आहे, असं तिने गाइडला इंग्रजीत सांगितलं. आधीच्या दोन्हींना मिरीसारखा झणका होता, ही मऊ आहे. मग ती अमेयकडे वळली. “पुरणातला गूळ करपायच्या जरा आधी येतो ना, तसा वास.”

गाइडने ग्लासखालचं कार्ड उलटलं. उत्तर बरोबर होतं. तिन्ही बरोबर होती. ओहायोहून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून कामावर या, असं गाइड म्हणाली. अमेयने आईच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगितलं की हिने जन्मात थेंब घेतलेला नाही, आताही घेतला नाही. ही नुसता वास घेते, त्याचाच तिला पगार मिळतो. ते खरं होतं. डेट्रॉइटजवळच्या एका कंपनीत बिस्किटांचे आणि सीरियलचे स्वाद तयार होत. व्हॅनिलाची कुठली बॅच पुढे जाणार आणि कुठली परत, हे कांचनचं नाक ठरवायचं.

ही सहल अमेयने ठरवली होती. तो लुईव्हिलला नोकरी करत होता. त्याच्या बाबांचं, गिरीशचं, वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं, आणि आईने लाँग वीकेंडला डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या घरात एकटीने बसावं हे त्याला नको होतं. चार डिस्टिलऱ्या बघू, तू पानगळीतले झाडांचे रंग बघ, मी मला नक्की कुठली बर्बन व्हिस्की आवडते ते शोधतो, असं तो फोनवर म्हणाला होता. त्याने इंटरनेटवरून मॅपक्वेस्टचे नकाशे छापून फाइलला लावले होते. गाडीत तो म्हणाला की प्यायची तर अशी प्यावी, उघड, दिवसाउजेडी, समजून घेऊन. कुणापेक्षा, ते तो म्हणाला नाही. कांचनला कळलं.

गिरीश चोरून प्यायचा. नोव्हायच्या मराठी मंडळात हे कोणाला माहीत नव्हतं. पार्टीत तो संत्र्याचा रस घेऊन उभा राहायचा आणि ज्यांना जास्त झाली असेल त्यांना आपल्या गाडीने घरी पोचवायचा. त्याच्या खिशात बडीशेपेची डबी असायची, ती तो सगळ्यांपुढे धरायचा. यकृत बिघडलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रोज किती घेता? गिरीशने कांचनकडे पाहिलं. ते घेत नाहीत, असं कांचनने सांगितलं. डॉक्टर पुढे कितीतरी दिवस दुसरी कारणं तपासत राहिले.

बाटल्या अमेयला सापडल्या, गिरीश गेल्यानंतर, बेसमेंटमध्ये घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या मागे. तेव्हा तो रडला, आणि मग जो चिडला तो अजून चिडलेलाच होता. बाबांनी तुला फसवलं, असं तो दर फोनला म्हणायचा. आणि मग एकच प्रश्न विचारायचा: आपल्यापैकी एकालाही कसं कळलं नाही? कळलं असतं तर ते वाचले असते. कांचन त्यावर, जेवलास का, असं विचारायची.

गाइड आता सांगत होती की मिंटचं च्युइंगम खाऊन येणाऱ्यांना इथे कसलाच वास येत नाही. म्हातारा म्हणाला, तीस वर्षं मी पेपरमिंट खाऊन बायकोला फसवतोय. त्याला तसं वाटतं, असं त्याची बायको म्हणाली. सगळे हसले, कांचनही हसली. तिन्ही उत्तरं बरोबर आल्याचा आनंद अजून ओसरला नव्हता. तिने त्या बाईला समजावून सांगितलं की पेपरमिंटचा काही उपयोग नसतो. पेपरमिंट तोंडात राहतं. दारू रक्तातून फुप्फुसात येते आणि तिथून श्वासाबरोबर बाहेर पडते. वरून काहीही चघळा, खालून तो वास येतच राहतो. शेजारच्या उशीवर झोपणाऱ्याला तर अंधारातही कळतं.

बाईने मान डोलावली. सगळे गिफ्ट शॉपकडे निघाले. अमेय उठला नाही.

“बडीशेपेच्या खालूनही येत असेल,” तो म्हणाला.

“येत होता.”

“कधीपासून?”

“तू हायस्कूलमध्ये होतास तेव्हापासून.”

 मग तिने सगळं सांगितलं. बाबांनी आपणहून सांगावं म्हणून ती थांबली होती. आज सांगतील, असं तिला रोज संध्याकाळी वाटायचं. आणि जितके दिवस जात होते तितकं तिलाच बोलणं कठीण होत होतं, कारण मग तिला कधीपासून माहीत आहे, तेही सांगावं लागलं असतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, आता तरी हे स्वतः बोलतील.

“एक सेंटेन्स, आई,” अमेय म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “भांडण झालं असतं. महिनाभर घरात कोणी कोणाशी बोललं नसतं. दॅट्स ऑल. पण बाबा असते.”

“हो.”

“तू एवढंही करू शकली नाहीस.”

“नाही केलं.”

त्याने समोरचा ग्लास उचलला आणि एका घोटात संपवला. तो तिचा होता, तिने नुसता हुंगलेला. हे त्याच्या लक्षात आलं नाही. गिफ्ट शॉपमधून म्हाताऱ्याचं हसणं ऐकू येत होतं.

कांचनने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. बॅच परत पाठवताना तिचा जसा आवाज असायचा, तशा आवाजात ती बोलली.

“तुला गव्हाची आवडते, अमेय. काल सकाळी विमानतळावर तू मला जवळ घेतलंस, तेव्हाच वास आला.”