मासे बोलावणारी शिट्टी

आगरदांड्याच्या जेट्टीवर कुरिअरवाल्याने तात्यांच्या हातात पुडकं ठेवलं आणि मागे बघतात तो सून उभी. निवेदिता पलीकडे दिघीच्या शाळेत शिकवायची. फेरीबोटीची वाट पाहत होती. तात्या मुद्देमालासकट सापडले.

"परत ईमेलवरची जाहिरात बघून मागवलंत?"

"मासे बोलावणारी शिट्टी आहे," तात्या छाती पुढे काढून म्हणाले. "फुंकली की मासळी धावत किनाऱ्याला."

गुडघे तरुण करणारा पट्टा आणि घोरणं शोषून घेणारी उशी याच वाटेने घरात आली होती.

"वाजवा मंग," नीराबाई कोळीण म्हणाली. "माझी पाटी रिकामीच हाय."

तात्यांनी वाजवली. एक कुत्रं आलं. जेट्टीवरचे सगळे खदखदून हसले.

"फोन द्या इकडे. आजपासून तो माझ्याकडे," निवेदिता म्हणाली. "धादांत खोटं असतं हे, कळत कसं नाही तुम्हाला?"

फोन तिच्या पर्समध्ये गेला. आपली जीभच कुणीतरी उपटून नेली असं तात्यांना वाटलं. पण गप्प बसतील तर ते तात्या कसले!

"कळतं गो. पहिल्याच ओळीला कळतं. पण काय झकास थाप मारतो तो जाहिरातवाला लेकाचा! तमाशाला आपण तिकीट काढूनच बसतो ना? आणि समज, शिट्टी खरी निघाली, तर मी इथे बसून गोष्ट कसली सांगू?"

मग ते बाकावरच्या मंडळींकडे वळले.

"कुत्रं तुम्हाला दिसलं. पाण्यात कोण आलं होतं, ते बघितलंत? सुरमई! वैतागलेली. म्हणते कशी, तात्या, भलत्या वेळी काय हाका मारता? घरात पावणे आहेत."

"कसले पावणे?" नीराबाईने पाटी खाली ठेवली.

"मुंबईचे हलवे. धाकटीला बघायला आलेले. मागे पापलेटाकडची बोलणी मोडली होती ना. मुलगा फार चपटा."

बोटीने भोंगा दिला. कुणी जागचं हललं नाही. तिकीटवालासुद्धा खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

पर्समध्ये फोन टुणकन वाजला. निवेदिताने काढून वाचलं. पुन्हा वाचलं. मग तात्यांच्या शेजारी येऊन बसली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

"तात्या, खारी विहीर एका रात्रीत गोड करणारी गोळी आलीये. मागवू?"