भरलेली बस, रिकामी बस

खातीपुरा स्टेशनच्या आवारात बस थांबली. एकेचाळीस जण उतरले, डिकीतल्या बॅगा निघाल्या. सगळे प्लॅटफॉर्मकडे निघाले आणि हरिभाऊ मात्र बसच्या पुढच्या चाकाशी जाऊन वाकले.

"अहो, ट्रेनला वीस मिनिटं राहिलीत!" प्रभाकाकूंनी हाक मारली. "आठ दिवस बघतेय, दिसेल त्या बसखाली डोकं घालताहेत. रिटायर झाल्यावर तरी माणसाने गप्प बसावं की नाही?"

हरिभाऊंची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. सहलीतल्या मंडळींनी त्यांचा नाद सोडला होता. सहल कंपनीच्या मितालीलाही आत्ता त्यांच्याशी बोलायला वेळ नव्हता. जयपुरात या बसचे रस्ते ठरवणं हे तिचं काम, आणि एकटीने ठरवलेला हा तिचा पहिलाच रस्ता.

तो पार पडला म्हणून ती खुशीत होती. हॉटेलपासूनच्या सरळ वाटेवर नाल्याचा जुना पूल, त्यावर बारा टनांची पाटी. भरलेली बस चौदाच्या घरात जाणारी. म्हणून तिने रेल्वेखालच्या बुटक्या पुलाची वाट घेतली. निघण्याआधी भरल्या बसला स्वतः टेप लावला. पुलाच्या उंचीपर्यंत वर पाच बोटं जागा उरत होती. पुलाखालून बस अलगद निघाली.

"भंवरलालजी, वापस उसी रास्ते से," तिने ड्रायव्हरच्या हातात रूटचा कागद दिला. भंवरलालने चावी फिरवली.

"थांब पोरी." हरिभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. "ही पायरी बघ. हॉटेलवर चढलो तेव्हा खाली होती. आता उतरताना मला उडी मारावी लागली."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी उठलीय. माणसं उतरली, बॅगा उतरल्या, खालचे स्प्रिंगचे पाटे मोकळे झाले. आता लाव टेप."

मितालीला मनातून हसू आलं. पण मोठ्या माणसाचा मान म्हणून तिने टेप काढला. भंवरलाल मागच्या शिडीने टपावर चढला आणि त्याने वरचं टोक धरलं. तिने आकडा वाचला. पुन्हा वाचला. बस चार बोटं वर आली होती.

पाचातली चार गेली. राहिलं एक. आणि त्या पुलाखाली डांबराचा एक उंचवटा होता, येताना त्यावर सगळे उसळले होते.

भंवरलाल खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मैडम, खाली गाड़ी तो मैं तेज़ भगा के निकालता हूँ," तो म्हणाला. टपाचा पुढचा काठ त्याच्या सीटच्या बरोबर वर होता. पुलाचा पहिला धक्का तिथेच बसला असता.

मितालीने त्याच्याकडून रूटचा कागद परत घेतला. "काका, मग बस परत न्यायची तरी कशी?"

"येताना वजनाला भ्यालीस ते बरोबरच. पण आता वजन राहिलंय कुठं?"

तिने घाईघाईने गाडीचे कागद चाळले. रिकामी बस, साडेदहा टन. नाल्याच्या पुलाला बारा चालत होते.

तिने रूटच्या कागदावरचं 'त्याच रस्त्याने परत' खोडलं आणि खाली नाल्याच्या पुलाची वाट लिहिली. त्याखाली एक रकाना होता, 'तपासणारा'. तो सकाळपासून कोराच होता. पहिलाच रस्ता, कुणाला कशाला विचारायचं, असं तिला वाटलं होतं.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," ती म्हणाली. "इथे सही कराल?"

भंवरलालने हात जोडले.

रिटायर झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत गाडीच्या कागदावर कुणी हरिभाऊंची सही मागितली नव्हती. त्यांनी हात पँटला पुसला आणि पेन घेतलं. तेवढ्यात ट्रेन येत असल्याची घोषणा झाली. ते गडबडले आणि घाईत काहीतरी खरडू लागले.

प्रभाकाकू तरातरा परत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"नीट करा," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव लिहा. मी आहे ना थांबलेली."