गप्प बसलेली दोघं

सिनेटर हॅगर्टी यांनी क्वेकर मंडळींना दहा मिनिटं दिली होती, आणि त्यातली निम्मी गप्प बसण्यातच गेली.

क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचा माणूस चार शब्द बोलण्याआधी घटकाभर शांत बसतो, मग ती प्रार्थना असो, लग्न असो की सिनेटरची कचेरी. हॅगर्टींच्याच ओहायो राज्यातून आलेल्या म्हाताऱ्या एल्वूड स्ट्रॅटननं टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आधी थोडं शांत बसू, रसेल." सिनेटरला नावानं हाक, वर अरे-तुरे. एल्वूड सगळ्यांनाच अरे-तुरे करायचा. माणसामाणसांत थोरला-धाकटा मानायचा नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. हॅगर्टींनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

शेजारी बसलेल्या डेलिया मेंडेनहॉलचा जीव मात्र टांगणीला लागला होता. क्वेकरांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीत ती वर्षभर या एकाच कामासाठी राबली होती. एकेका क्लस्टर बॉम्बच्या पोटात शेकडो छोटे बॉम्ब, त्याची पिल्लं, भरलेली असतात. न फुटलेली शेतात पडून राहतात आणि पोरं खेळणं समजून उचलतात. तो माल परदेशी विकायला बंदी घालायची की नाही, यावर दुपारी समितीत मतदान होतं. दोन्ही बाजू समसमान होत्या आणि हॅगर्टी अजून कुठल्याच बाजूला नव्हते. अशा वेळी हा एल्वूड मूग गिळून बसलेला.

बोल रे बाबा, डेलिया मनातल्या मनात विनवत होती.

हॅगर्टींनी खुर्ची मागेपुढे केली, खाकरून पाहिलं. मतं मागून मोठा झालेला माणूस, त्याला शांतता कशी सोसावी?

"तुम्ही म्हणणार, लहान मुलांचे हातपाय जातात," ते शेवटी म्हणाले. "ठाऊक आहे मला. फोटो पाहिलेत मी. पण आपण नाही विकला, तर दुसरा कोणी विकेल."

डेलियानं एल्वूडकडे पाहिलं; तो डोळे मिटून बसलेला.

"आमचा मुलगा लहानपणी असंच म्हणाला होता. दुकानातून चाकू उचलून आणला आणि वर म्हणतो, मी नाही तर दुसऱ्या कुणी उचललाच असता." हॅगर्टींनी कपाळ चोळलं. "कान धरून दुकानात परत नेला होता त्याला. पण ते वेगळं. इथं माझ्या लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे. या बॉम्बचा कारखाना आमच्याकडे आहे."

एल्वूडनं डोळे उघडले, त्यांच्याकडे मायेनं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"बरं, बरं. बाकीचा माल बनतो, तो बनेलच. या एका मालावर थोडीच माणसं असतील. त्यांची सोय बघायला मी काय मेलोय?" हॅगर्टी उठून खिडकीशी गेले. "विरोधक म्हणतील, हॅगर्टी नरमला. म्हणू देत. ते एरवी कुठं माझी आरती ओवाळतात?" मग ते एकदम वळले. "अहो, तुम्ही मला पटवायला आला होतात ना? मग बोला की काहीतरी."

"तुझं बरं चाललंय," एल्वूड म्हणाला.

हॅगर्टी त्याच्याकडे बघत राहिले आणि हसले. "दुपारी बंदीच्या बाजूनं मत देतो. भाषणबिषण करणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

एल्वूडनं उठून त्यांचा हात हातात घेतला.

बाहेर आल्यावर डेलियाचा जीव भांड्यात पडला. ती तिथल्याच बाकावर टेकली. आधी तिला हसू आलं, मग डोळे भरून आले.

"कमाल केलीस, एल्वूड. शेवटपर्यंत एकही मुद्दा काढला नाहीस. कुठं शिकलास ही युक्ती?"

"युक्ती कसली?" एल्वूड टोपी घालत म्हणाला. "मी तू बोलायची वाट बघत होतो. मुद्दे तुला पाठ."

"आणि मी तुझी. त्यांचा मतदार तू. सुरुवात तू करायची, असं ठरलं नव्हतं का?"

"असं ठरलं होतं?"

डेलियानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात कचेरीतून तिची वरिष्ठ, रूथ, हिचा फोन आला.

"हो म्हणाले," डेलियानं सांगितलं. पलीकडे कोणीतरी टेबल बडवलं, कोणीतरी रडायला लागलं.

"आता पटकन सांग," रूथ म्हणाली, "आपला कुठला मुद्दा पटला त्यांना? उद्यापासून सगळ्यांकडे तोच मांडू."

"आपला नाही, रूथ," डेलिया म्हणाली. "त्यांचा त्यांनाच पटला."